शनिवार, साडेदहा

फौंड्रीच्या हिशेबाच्या वहीत, अगदी मागच्या पानावर
मी लिहायला बसलो: संयू, लग्नाआधीचा शनिवार-रविवार.
उद्यमनगरात ही ओतकामाची वेळ,
टेबलावरचा चहा आपोआप थरथरतो.
पाच पोरी, दोन दिवस, माणशी अडीच हजार.

गोवा नको, गोव्याला नवऱ्याचे मित्र निघालेत.
पन्हाळ्यावर संयूच्या मामाचं हॉटेल,
म्हणजे मामा, मामी, आणि दर तासाला भजी.
मग उरलं आपलंच गाव.
केवढं पसरलंय आता,
फुलेवाडीच्या पुढं, कळंब्याच्या पार,
ऊस संपायचा तिथं आता टाइल्सची दुकानं.
यास्मिन म्हटली, आपण निम्मं तरी बघितलंय काय?
राजारामपुरीच्या गल्ल्यांचे नंबर तेवढे पाठ.
क्लास, देऊळ, गुजरी, घर.

पद्मजा दिवस मावळला की पाणीसुद्धा पीत नाही.
यास्मिनला मटण तिच्या चुलत्याच्याच दुकानातलं लागतं.
दीपाचं बाळ सात महिन्यांचं,
तीन तासांच्या वर ती कुठं टिकत नाही.
आणि संयूचा शनिवार, मारुतीचा.
मी लिहितो, खोडतो, बाण काढतो:
तांबडा-पांढरा रविवारी दुपारी, ऊन असताना.
कांद्याशिवाय अख्खा मसूर कुठं मिळतो, विचारायचं.

कावळा नाक्यावरच्या लॉजला फोन लावला.
पाच लेडीज? सोबत कोण?
म्हटलं, एकमेकींच्या सोबत आम्हीच.
आधार कुठलं?
इथलंच.
मग न्हाई जमत मॅडम, लोकलला खोली देत न्हाई.
आपल्याच गावात आपल्याला खोली नाही,
हे मी वहीत लिहिलं नाही.
माझ्या खोलीवर झोपायचं. गाद्या पद्मजाकडनं.
संयूचे वडील म्हटले, दिवसभर काय ते करा,
झोपायला पोरगी घरात पाहिजे.

गुलाबी पट्टा आलाय, 'होणारी नवरी' छापलेला,
त्यातला 'री' जरा खाली घसरलाय.

शेवटी तिलाच विचारलं, तुला काय पाहिजे?
बराच वेळ गप्प. मग म्हटली,
गंगावेशीत दूध प्यायचं. कट्ट्यावर. उभ्यानं. रात्री.

आमचे भाऊ, चुलते तालमीतनं सुटले की तिथंच,
म्हैस समोर, धार थेट ग्लासात, फेस मिशीला.
आमच्या वाटणीला ते किटलीतनं आलेलं,
तापवून, साय काढून, झाकून ठेवलेलं.
अठ्ठावीस वर्षं, ती म्हटली, त्या वासावरनं गाडी नेली,
एकदाबी ब्रेक दाबला न्हाई.

दीपा हसत सुटली: पार्टीत काय प्यायलासा? दूध!
कोण विश्वास ठेवंल?
पद्मजा म्हटली, मी पिणार न्हाई, पण पैसे मी देतो.

तिचं सासर डोंबिवलीचं.
साखरपुड्याला होणाऱ्या नणंदेनं लाडानं सांगितलं,
आलो, गेलो काय गं? आले म्हण. मुलगी ना तू?
त्या दिवसापासनं त्यांच्या फोनवर
संयू वाक्याच्या शेवटाला येऊन अडते,
गगनबावड्याच्या वळणावर गिअर शोधल्यासारखी.
आम्ही कुणी काही बोललो नाही.
आम्ही सगळ्याच आलो, गेलो, जेवलो, झोपलो म्हणत वाढलो,
आणि पोरीच होतो.

वही मिटली. बाहेर साचे थंड होत होते.
गाड्या दोन, पेट्रोल भरून ठेवायचं.
कट्ट्यावर कोण ओळखीचं भेटलंच तर
यास्मिन बोलणार, बाकीच्यांनी फक्त ग्लास धरायचा.
मी मेसेज टाकला:
शनिवारी साडेदहा. जिन्यात चप्पल हातात घे.

आधी उत्तर आलं, येते.
लगेच पुसलं गेलं.
मग थोड्या वेळानं,
येतो.